चाळीस ओळी

"वृंदा, इकडे ये! नऊ हजार ओळींची फाइल होती माझी. आता फक्त चाळीस!"

हृषीकेश घरची-दारची सगळी कामं एकाच टेक्स्ट फाइलमध्ये लिहायचा. ती उघडायलाही वेळ लागू लागला, तेव्हा त्याने नियम केला: तीनदा पुढे ढकललेलं काम आपोआप 'जुनी' नावाच्या वेगळ्या फाइलीत जाईल.

"बारीक झाली की! तुझ्यापेक्षा तिचंच डाएट बरं," म्हणत वृंदा पडद्यावर वाकली. तिने सगळ्या ओळी वाचल्या. गाडीचं सर्व्हिसिंग होतं, कुंड्यांचं खत होतं. "दत्तकाच्या अर्जावर तुझी सही राहिली होती. ती ओळ कुठंय?" मार्चमध्ये 'लिहून ठेवलंय, सारखी आठवण करू नकोस,' असं त्यानेच तिला बजावलं होतं.

"थांब गं." त्याने जुनी फाइल उघडून शोधलं. "ही बघ! तीनदा पुढे गेली म्हणून इथे आली. माझ्याकडे काही हरवत नाही." त्याने ती ओळ उचलून यादीत सगळ्यात वर ठेवली. "आजच करतो सही."

"आता नको," ती म्हणाली. "मागच्या महिन्यात तुझा वाढदिवस झाला. आपल्या दोघांच्या वयाची बेरीज मर्यादेबाहेर गेली. तान्हं बाळ आता आपल्याला देणार नाहीत. संस्थेचं पत्र आलंय."

मग त्याचं बोट सवयीने कीबोर्डवर गेलं.

वरची ओळ पुसली गेली. फाइल पुन्हा चाळीस ओळींची झाली.