हात खाली

सामोआतल्या आमच्या गावच्या जुन्या चर्चमध्ये गाताना एकदा माझे हात आपसूक वर गेले. गाणाऱ्या बायांची पुढारी म्हणजे माझी नणंद, फुआतिनो. ती तरातरा आली आणि तिने सगळ्यांदेखत हातातल्या पंख्याच्या दांड्याने माझ्या बोटांवर फटका हाणला. "हात खाली, मारेता! देवाचं घर आहे हे, नाचायचं अंगण नाही."

त्यानंतर मी पत्र्याच्या छपराखालच्या नव्या चर्चमध्ये जाऊ लागले. तिथे ढोल वाजतो, आणि पाळकाने कपाळावर हात ठेवला की पवित्र आत्मा संचारून बाया धाडकन मागे पडतात. त्यांना मागून झेलायचं काम माझ्याकडे आलं. आठ वर्षांत एकीचंही डोकं मी फरशीला लागू दिलं नाही. फुआतिनो मात्र गावभर सांगायची, "कसला आत्मा नि कसलं काय! मेली नाटकं सगळी."

परवाच्या रविवारी दुखरे गुडघे धरत तीच आली. डॉक्टर झाले, खोबरेल चोळून झालं, आता आत्मा तेवढा राहिला होता. पाळकाने तिच्या कपाळावर हात ठेवला, तशी ती डुलायला लागली. मान वळवून मला हळूच म्हणाली, "धरशील ना गं?"

"वन्सं, मी आहे ना मागे."

तिने डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं.



बरोब्बर त्याच क्षणी माझ्याही अंगात आलं, आणि माझे दोन्ही हात आपसूक वर गेले.