मगरीच्या मिशा

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण मी मगरीवर बसून कृष्णा ओलांडलीय!" केरूनानांनी सुरुवात केली आणि गणेश मंडळाच्या बैठकीत हशा पिकला. दरवर्षी नानांच्या थापेतूनच देखावा ठरायचा. ती थाप रंगवून सांगायला चार संध्याकाळी लागायच्या. यंदा मंडळातल्या शिवांजलीने त्यांचं वाक्य मोबाइलवर एआयला दिलं, आणि दहा सेकंदांत चित्र हजर! मगर, वर फेटेवाले नाना.

"ठरलं, चला!" म्हणत पोरं चपला शोधू लागली. नानांच्या घरी टीव्हीशिवाय बोलणारं कुणी नव्हतं.

"थांबा रे! मगरीला मिशा होत्या." चित्रात मिशा आल्या. "छे, एवढ्या नव्हत्या." कमी झाल्या. "आणि ती तपकीर ओढायची."

"नाना, गॉगलही घालायची का?" कुणीतरी विचारलं. पोरं पुन्हा टेकली, चहा आला. नानांनी अकरावं चित्रही मोडीत काढलं.

शिवांजलीने पहिलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. "खोटं बोलताय, नाना. हे बघून तुम्ही गालात हसला होतात. हेच बरोबर आहे. घरी जायचं नाही, तर तसं सांगा की!"