दारातला बर्फ

चहासाठी दारातला बर्फ घ्यायचा नाही, लांब उतारावरचा आणायचा, हा हिमनदी-केंद्राचा नियम भार्गवीने आज मोडला. पडत्या बर्फात बोललेलं त्यातच थिजतं आणि वितळताना एकदाच ऐकू येतं. रोज सकाळी जुनी भांडणं कोण ऐकणार! केंद्रावर आता भांडायलाही कुणी उरलं नव्हतं. तिने दारापाशी खणून गेल्या हिवाळ्यातला थर काढला आणि पातेल्यात टाकला. थोड्या वेळाने, हिमलोटात गेलेल्या खरेसरांचा आवाज आला, "भार्गवी, पुरे झालं काम! चहा निवतोय, ये गं!"

"आले सर," ती सवयीने म्हणाली.

पातेल्यात आता नुसतं पाणी उकळत होतं. बाहेर बर्फ पडायला लागला होता. तिने दार उघडलं आणि ओरडली, "भार्गवी, चहा निवतोय, ये गं!"

पुढच्या हिवाळ्याची सोय झाली.