यजमान बसत नाही

“ही बैठक फक्त संचालकांची आहे.” दारात आडवा उभा राहून तोजा म्हणाला. एका हातात राकियाच्या दारूची बाटली, पांढऱ्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. “देसांका, तू ये आत. बाकीच्यांनी घरी जावं.”

देसांकाच्या मागे फाटकापर्यंत माणसं उभी होती. कुत्र्यांच्या निवाऱ्यात शिळा पाव पोचवणारी बेकरीवाली ग्रोझदाना, पिंजरे धुणाऱ्या बायका, शाळेतले मास्तर. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं. कुणी कॉफीचा पुडा आणला होता, कुणी वाइनची बाटली, कुणी घरची सफरचंदं.

“बैठकीला कोण आलंय?” देसांका म्हणाली. “आम्ही स्लावाला आलोय.”

तोजा दारातून हलला नाही.

निवाऱ्याच्या बैठका सगळ्यांसमोर घ्या, म्हणून देसांका कित्येक महिने मागे लागली होती. अध्यक्ष तोजा, आणि जागा ठरवणार अध्यक्ष, असा संस्थेचा नियम. या खेपेला त्याने बैठक थेट स्वतःच्या घरी लावली, तीही नोव्हेंबरातल्या मित्रोवदानला, त्याच्या कुळाच्या संताच्या दिवशी, म्हणजे स्लावाला. संचालक जेवायला येणारच होते. कोबीच्या पानात खिमा भरलेला पोटभर सारमा, वर दोन घोट, हात वर, विषय मंजूर. सुंठीवाचून खोकला गेला असं त्याला वाटलं असणार. शहाणी माणसं घसरतात ती अशी, घरच्या अंगणात. स्लावाला कुणी कुणाला बोलावत नाही. जो येतो तो पाहुणा. त्या दिवशी उंबऱ्यावरून माणूस परत पाठवणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय राहत नाही.

“कोण आलंय रे?” आतून त्याच्या आईचा, लेपोसावाआजीचा आवाज आला. “आणि तू दारात खांबासारखा काय उभा? आत संताची मेणबत्ती जळतेय आणि तू लोकांना थंडीत गारठवतोस? तुझा बाप आजच्या दिवशी वैऱ्यालाही ताट वाढायचा!”

तोजा बाजूला झाला.

आत येणाऱ्या प्रत्येकाने चमचाभर गोड गहू तोंडात टाकला, क्रूसाची खूण केली आणि जागा धरली. खुर्च्या संपल्या तशी शेजाऱ्यांची बाकं आली. लेकुरवाळ्या बायका पलंगावर टेकल्या. उभा राहिला तो एकटा तोजा. स्लावाच्या दिवशी यजमान बसत नाही, उभ्यानेच सगळ्यांना वाढतो. इतकी वर्षं टेबलाच्या टोकाला बसून “पुढचा विषय” म्हणणारा माणूस आज हातात सारम्याचं पातेलं घेऊन सगळ्यांच्या मधोमध उभा होता, आणि त्याला जायला जागा नव्हती.

ताटं भरेपर्यंत देसांका थांबली. मग म्हणाली, “तोजा, आजच्या बैठकीत काय ठरायचंय ते सांग की सगळ्यांना.”

“जेवण होऊ दे आधी.”

“मग मीच सांगते. पुढच्या रांगेतली कुत्री हलवायचीत. फेब्रुवारीत मागच्या रांगेतली हलवली, तशीच. ती कुठे आहेत?”

“तेव्हाच सांगितलं होतं. ऑस्ट्रियात गेली. चांगली घरं मिळाली त्यांना.”

“आमचा झुचासुद्धा?” ग्रोझदानाने विचारलं. “तोंडात एकही दात नाही त्याच्या. ऑस्ट्रियातली माणसं पाव दुधात भिजवून घालतात का त्याला?”

एकदोघं हसली. तोजा हसला नाही.

लेपोसावाआजीने चमचा खाली ठेवला. “मेणबत्तीसमोर उभा आहेस, पोरा,” ती म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

तोजाने पातेलं टेबलावर ठेवलं. पुसायला काही नव्हतं तरी हात पुसले. “डोंगरापलीकडे,” तो म्हणाला. “कचरा टाकतात तिथे. एक गाडीवाला घेऊन गेला आणि सोडून आला.”

“गुडघाभर बर्फ होता तेव्हा,” मास्तर म्हणाले.

“हो. होता.”

ग्रोझदाना तोंडाला पदर लावावा तसा रुमाल लावून रडू लागली. देसांकाला रडू आलं नाही. झुचा तिच्या पावलांचा आवाज ओळखायचा. त्याचा पिंजरा रिकामा दिसला त्या सकाळीच ती काय ते समजली होती, आणि तेव्हापासून तिला स्वतःची लाज वाटत होती. आज पुढची रांग वाचवल्याशिवाय ती या घरातून हलणार नव्हती.

“ठरवलं कुणी हे?” ग्रोझदाना उठून ओरडली. “नाव घे! तू एकट्याने?”

“एकट्याने नाही,” तोजा म्हणाला. “बोर्डाने ठरवलं. एकमताने. सातही हात वर होते.”

टेबलाभोवतीच्या पाच संचालकांनी ताटात माना घातल्या. कुणी पाव कुस्करू लागला, कुणाला एकाएकी ठसका लागला. फेब्रुवारीत ‘मागची रांग मोकळी करणे’ एवढंच वाचलं गेलं होतं. कुत्री कुठे नेणार, असं एकानेही विचारलं नव्हतं. कॉफी निवत होती आणि सगळ्यांना घरी जायची घाई होती.

हा प्रश्न येणार, हे देसांकाला घरून निघतानाच ठाऊक होतं. दारं उघडी हवी होती ती यासाठीच. तिने खुर्ची मागे सरकवली, माणसांमधून वाट काढली आणि तोजाच्या शेजारी, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली.

“सातवा हात माझा होता,” ती म्हणाली. “आज तो वर जाणार नाही. आता मला विचारा.”