दयेचे सातवे कृत्य

बेवारस मृतदेह मागून नेणाऱ्या मिशनच्या सिस्टरवर शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टर भुजंगरावांचा विश्वास नव्हता. "सायेब, मेलेल्यालाबी बाटवायल्यात ह्या बाया," शवागारातला बजरंग म्हणे. डॉक्टरांना धर्माशी देणेघेणे नव्हते. त्यांना हेतू शोधायचा होता. मिशनच्या भिंतीवर दयेच्या सात कृत्यांचे चित्र होते. शेवटचे कृत्य मृताचे दफन, आणि चित्रातल्या थडग्यावर क्रूस. आज सिस्टरनी ताडकळसच्या बाजारात कोसळलेल्या म्हाताऱ्याचा देह नेला. त्याच्या गळ्यात तुळशीची माळ होती. डॉक्टर मोटारसायकलवरून पाठोपाठ निघाले. मिशनची गाडी दफनभूमीकडे न वळता नदीकाठच्या स्मशानात थांबली. सरण रचलेले होते आणि गळ्यातली माळ जागेवर होती. "अग्नी द्यायला त्यांच्या धर्मातलं कुणी मिळेना. तुम्ही द्याल?" सिस्टरनी विचारले. "मी देव मानत नाही," डॉक्टर म्हणाले. पेटता पलिता पुढे करत सिस्टर म्हणाल्या, "ते मानत होते."