नंदीची शिंगं

तुमसरच्या भैय्याजी दलालानं चोरट्या हस्तिदंताची शिंगं करून तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीला बसवली आणि वर काळा रंग फासला. झडतीला आलेल्या वनरक्षकानं स्वतः त्या शिंगांना हळदकुंकू वाहिलं. आता फक्त गिऱ्हाईक यायचं बाकी होतं.

दुसऱ्या दुपारी भैय्याजी तृप्त पोटानं नंदीशेजारी बाजेवर कलंडला. बायको, कुंताबाई, अंगण सारवत होती.

“अवो, नंदीले तं चाकं हायेत. मंग आत्ताच्या सारवनात हे परातीएवढे पाय कोनाचे?”

पावलं फाटकातून बाजेपर्यंत आली होती. परतीची नव्हती.

“बैलाचे असतीन,” डोळे न उघडता भैय्याजी म्हणाला. पाठीमागून सुपानं घालावा तसा गार वारा येत होता. उकाड्यात मोठं सुख वाटलं. “तू वारा घालनं थांबवू नोको.”

“मी कायले घालू? माहे दोन्ही हात शेनात हायेत.”