दुसरं कडवं

सदुसष्ट सालच्या लंडनात त्यांच्या बँडचा झिंग आणणाऱ्या रॉकचा अल्बम बुडाला, तर ड्रमर आल्फीला पुन्हा बापाच्या दुकानात मासे तळावे लागणार होते. स्टुडिओत एकच गाणं रेकॉर्ड व्हायचं उरलं होतं. गायक रूपर्ट नि गिटारवाला डेरेक एकमेकांच्या नरडीचा घोट घ्यायला उठलेले. “तुझ्यापेक्षा आजीची किटली सुरात शिट्टी मारते!” “तुझी गिटार ऐकून मांजरं गाव सोडतात!” रेकॉर्डिंगची टेप चालूच होती. आल्फीने ती उलटी वाजवली. शिव्यांचा असा मंत्रघोष झाला, की चहावालीने छातीवर क्रूस काढला. “हे दैवी कोण गातंय?” दोघांनी विचारलं. “तुम्हीच, गाढवांनो!” दोघे गळ्यात गळा घालून रडले. तेच गाणं ठरलं. पण दुसऱ्या कडव्यासाठी भांडण जमेना. “तू आधी, राजा.” “छे, तुझा मान.” आल्फीने हळूच टेप सुरू केली नि विचारलं, “अल्बमवर नाव आधी कोणाचं छापायचं?”